एकीचा बुळबुळीत रस्सा

२२ फेब्रुवारी १९५८
आजपासून सीरिया आणि इजिप्त एक देश. कालच्या मतदानात मी 'हो' म्हणालो. गल्लीतले सगळेच म्हणाले, पण मी मनापासून म्हणालो. हॉटेलच्या पाटीवरचं वडिलांचं नाव खोडून 'एकी भोजनालय' रंगवायला टाकलं. आता कैरोहून लष्करी अफसर येणार, त्यांना मेस लागणार, मेसचं कंत्राट मला मिळणार. बायको अदिबा म्हणाली, आधी पाटी वाळू द्या. अदिबाला लांबचं दिसतच नाही.

९ जून, दुपार
पहिला इजिप्शियन आला. कॅप्टन रिफअत. मेसची सगळी व्यवस्था याच्याकडे. म्हणाला, गल्लीच्या तोंडाशी वास आला म्हणून आत शिरलो. वास अदिबाच्या मुलुखियाचा होता. साधी पालेभाजी. पानं अख्खी ठेवायची, परतायची, कोकराच्या मटणात शिजवायची, भाताबरोबर खायची. पण तिकडे कैरोत तीच पानं चिरून चिरून त्यांचा हिरवा बुळबुळीत रस्सा करतात. तोही सशाच्या मटणाचा. पाहुण्याला त्याच्या घरचं मिळालं पाहिजे. मी अदिबाची थाळी त्याच्या नाकासमोरून उचलली आणि गुरुवारी जेवायला या, म्हणालो. तो थाळीकडे बघत राहिला. संकोची दिसतो.

१२ जून, गुरुवार
केला. अदिबा सशाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देईना, म्हणून मी अंगणात चूल मांडली. रस्सा पळीने उचलला की लोंबतो, तुटत नाही. सर्दी झालेल्या पोराचं नाक आठवलं. शिसारी आली. चाखला नाही. जाणकाराला चाखावं लागत नाही.
कैरोची एक रीत आहे. तळलेला लसूण रश्श्यात ओतताना करणाऱ्याने दचकल्यासारखा मोठ्ठा श्वास आत ओढायचा, नाहीतर रस्सा बिघडतो म्हणे. ओढला. शेजारचा न्हावी अबू नझीर गिऱ्हाइकाची अर्धी दाढी सोडून धावत आला आणि कोण गेलं, विचारू लागला.
कॅप्टनने दोन वाडगे संपवले. तिसऱ्याला नको नको म्हणत होता, तरी मी ओतला. पाहुण्याचं 'नको' ऐकतो तो दमास्कसचा नव्हे. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आई आठवली असणार.

३ ऑक्टोबर
मेन्यू बदलला. रोज रस्सा. जुनी गिऱ्हाइकं गळताहेत. अबू नझीर म्हणतो, मी घरून भाकरी आणीन. वीस वर्षं माझ्याकडे जेवला आणि राष्ट्रासाठी एक वाडगा गिळवत नाही. असल्या पोटांची मला किळस येते.
अदिबा म्हणाली, या हॉटेलात एक तर ससा राहील नाहीतर मी. कंत्राट येऊ दे मग बोलू, म्हणालो. आपली भांडी घेऊन ती वरच्या मजल्यावर गेली. दोन दिवसांत उतरेल.

१७ मार्च १९५९
उतरली नाही. वरून तिच्या मुलुखियाचा तोच वास येतो. भूक खवळते, पण मी तत्त्वाचा माणूस, ब्रेड आणि ऑलिव्ह खातो. भांडी मात्र ती भलतीच मोठी आणतेय. कशाला, म्हटलं, तर माझ्या भावाकडे पाहुणे फार असतात, म्हणाली. दुपारी लष्कराची जीप येऊन डबे घेऊन जाते. मेहुण्याची इतकी वट आहे हे ठाऊक नव्हतं. ईदला त्याच्याकडे जायला हवं.

२१ जानेवारी १९६०
कॅप्टन दर गुरुवारी न चुकता. कंत्राटाचं विचारलं की जिन्याकडे बघतो आणि मान डोलावतो. मोठ्या कामाला वेळ लागतो. दोन वाडगे खाऊन हल्ली जरा बसून राहतो, घाम पुसतो.

१३ जुलै १९६१
आता गिऱ्हाईक एकच, कॅप्टन. याला मी निवडक गिऱ्हाईक म्हणतो. गल्लीत लोक इजिप्शियनांना तोंडावर शिव्या देऊ लागलेत. मला सगळ्यांचीच घृणा वाटते. संकल्प : पुढच्या गुरुवारपासून पातेलं दुप्पट.

२८ सप्टेंबर, गुरुवार
सकाळी रेडिओवर लष्करी बँड, मग घोषणा. एकी संपली. अबू नझीर दुकानासमोर शिडी लावून माझी पाटी उतरवायला मदत करू का, विचारत होता. मी पातेलं चुलीवर चढवलं. गुरुवार म्हणजे गुरुवार.
दुपारी कॅप्टन आला. अंगात साधे कपडे. संध्याकाळच्या विमानाने सगळ्यांना परत पाठवताहेत. मी श्वास ओढला, लसूण ओतला, वाडगा भरला. त्याने वाडग्यावर हात आडवा धरला.
"उस्ताद, आज नको. माझ्या आईच्या हातचासुद्धा मला कधी गिळवला नाही."
मग सव्वातीन वर्षं का खाल्लात, विचारलं.
"तुम्ही इतक्या मायेने तो श्वास ओढायचात. तोंडावर नाही कसं म्हणणार?"
मी कंत्राटाचं काढलं. तो चकित झाला. म्हणाला, ते तर पहिल्याच हिवाळ्यात दिलं, तुमच्याच घरात, मॅडमना. रोज जीप येते की. मी म्हणालो, अर्थात. माहीतच होतं.
तेवढ्यात अदिबा खाली आली. तीन वर्षांनी त्या जिन्यावरून थाळी घेऊन उतरली. अख्खी पानं, मटण, भात. कॅप्टन मान वर न करता जेवला, ब्रेडने थाळी पुसून काढली, छातीवर हात ठेवून तिचा निरोप घेतला आणि गेला. त्याच्याबरोबर कंत्राटही गेलं. जीप येणार नाही. अदिबा रिकाम्या डब्यांकडे बघत उभी होती. मला फार वाईट वाटलं, आणि पोटात कावळे ओरडत होते. मी माझी थाळी पुढे केली.
"संपलं, अबू फायज," ती मला म्हणाली. "तुमचं पातेलं आहे की."
चाखला. पहिल्यांदाच. घशात उतरत नाही आणि बाहेरही येत नाही.
दुप्पट केला होता. अजून अर्ध्याहून जास्त आहे.