बोइंग की एअरबस

१२ एप्रिल, शनिवार
आज पहिल्यांदा मान वर करून बघितलं.

शिर्डीजवळच्या काकडी विमानतळावर उतरणारं विमान रोज आमच्या गच्चीवरून जातं. आबा, माझे वडील, खुर्चीत बसून सांगतात, बोइंग की एअरबस. मी गच्चीच्या दारात मशीनवर ब्लाउज शिवत "बरोबर, आबा" म्हणते. दिवाळीपासून असंच चाललंय. आज म्हणाले, "बोइंग हाय बघ. पाठीवरून शेपटी चढते तिथं तिरकी पायरी."

वर होतं पंख्यांचं छोटं विमान!

आणि मी काय म्हटलं? "बरोबर, आबा."

१३ एप्रिल
हा नाद त्यांनीच लावला मला. पस्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली त्यांनी — नजर पक्की. "एअरबसचं नाक गोल, बोइंगचं जरा टोकदार. बोइंगचं इंजिन खालून चपटं, दाबून बसवल्यासारखं. नीट बघ, राजू. नुसतं व्हय म्हणू नको."

नुसतं हो म्हणत राहिले. सहा महिने.

१५ एप्रिल
लग्नसराई. बावीस ब्लाउज अंगावर. नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे अख्खा दिवस जाणार. पुढच्या आठवड्यात बघू.

१९ एप्रिल
आबा चौकटीवर आपटले. कपाळाला टेंगूळ. मी म्हटलं, डोळे दाखवून येऊ.

"कशाला गं? एवढ्या उंचावरचं इमान वळखतो की न्हाई मी? तूच म्हणतीस ना रोज, बरोबर म्हणून."

म्हणजे माझ्या "बरोबर"वर हा माणूस आपले डोळे तपासत होता. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. लाज वाटते स्वतःची.

२१ एप्रिल
नगर. काचबिंदू. उजवा डोळा जवळजवळ गेलाय, डावा अर्धा. "दिवाळीच्या सुमारास आणलं असतं तर बरंच वाचलं असतं," डॉक्टर म्हणाले. "गेलेली नजर परत येत नाही, ताई. आता आहे ती टिकवायची."

येताना एसटीत आबा माझा हात धरून बसले. त्यांना सांगायचं होतं. राहुरी गेली, राहाता गेलं, आमचा थांबाही आला.

२३ एप्रिल
सांगितलं. सगळं. न बघता बरोबर म्हणायचे ते, आणि पंख्यांचं विमान बघूनही खोटं बोलले ते. त्या दिवशी एवढे खुशीत होते, त्यांचं मन मोडवलं नाही, हेही खरं. पण दवाखान्यात दिवस जाईल म्हणून ब्लाउजही आठवले होते.

आबा म्हणाले, "झाले का समदे शिवून?"

थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

२४ एप्रिल
दोघं गच्चीवर गेलोच नाही.

२६ एप्रिल
सकाळी आबा चपला घालून दारात उभे. "डॉक्टर म्हणले हुते, रक्ताच्या नात्यातल्यांनी तपासून घ्यावं. चल."

मला काही होत नाही, म्हटलं. सगळं स्वच्छ दिसतं.

"मलाबी स्वच्छच दिसत हुतं."

पुढच्या आठवड्यात जाऊ, म्हटलं. ऐकेनात. चार ब्लाउज तसेच टाकून निघाले.

२७ एप्रिल
काल नगरला कळलं. मलाही आहे काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, नुकती सुरुवात. थेंब घातले तर नजर राहील.

"अगदी वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. आबांच्या समोर.