सखूनं पावसात पाणी मिसळवलं

आरमोरी, श्रावणातला सोमवार, १९५६

आज डोकं नुसतं भणभणून राह्यलं. कुरखेड्याले मास्तर असलेल्या माह्या लेकानं अंगणात पाऊस मोजाचं यंत्र गाडून देल्लं. यंत्र कायचं, पत्र्याच्या डब्यात शिशी अन वर नरसाळं. सकाळी रेघांच्या पेल्यात पाणी ओताचं अन आकडा वहीत लिहाचा. "माय, एकबी दिवस चुकवू नोको. वही साहेबाले दाखवाची हाये," म्हणे. मी दुसरी शिकलेली, पण चाळीस दिवसांत एक चुकला नाई. मजा येते भल्ली! रात्री किती पडला ते अख्ख्या गावात मले एकलीलेच ठाऊक.

अन आज शिशीतलं पाणी गुलाबी! नरसाळ्यात बेलाचं पान. धाकट्या जावेले विचारलं, "सखे, तू टाकलं?"

"मंग? सोमवार नाई का! तुमी रोज सकाळी त्याच्याम्होरं वाकता. मले वाटलं, देव मांडला."

वाकते मी शिशी काढाले!

"किती टाकलं?"

"लोटाभर, गुलाल कालवून. थोडं बाहीर सांडलं."

थोडं म्हणजे किती, बाई? रात्री पाऊस तं खराच आल्ता. आता या गुलाबी पाण्यात त्याचं कोणतं अन हिचं कोणतं? अंदाजानं लिहून देऊ? लेकाले काय कळते. पण मले तं कळते ना.

वरून सखूच म्हणते, "पाऊस तरी कोण पाठवते, बाई? महादेवच ना!"

आकडा लिहिलाच नाई. त्या जागी लिहिलं, पाऊस आला. किती, ते सखूले विचारा.