गोट्यावर नाव नसते

ता. १० ऑगस्ट, रवि. पांढुर्णा

काल राखी झाली. नामदेव पूल ओलांडून सावरगावहून आला. भाऊ माझा, माझ्याहून सात वर्षांनी लहान, पण चालतो असा की लोक त्यालाच मोठा समजतात. गुडघे दुखतात म्हणतो, तीस वर्षांपासून. माझा लेक दिलीप वावरात असतो तेव्हाच नेमका येतो. राखी बांधून घेतली, खीर खाल्ली, गेला.

माझं माहेर नदीपलीकडे, सासर अलीकडे. मधे जाम नदी. हाक मारली तर ऐकू जाईल एवढं अंतर. वर्षातला एक दिवस सोडून.

दुपारी सौंसरहून कमलचा फोन, माझ्या लेकीचा. दिलीपच्या मेघासाठी लासलगावचं स्थळ. मुलगा नाशिकला कंपनीत. दोघं महिनाभरापासून फोनवर बोलून राहिले हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण भात दोनदा करपला तेव्हा समजलं. (लिही मेघा, खाली मान घालून लिही.) पाहुणे तेवीसला, शनिवारी येणार. सौंसरला, कमलच्या घरी.

मी म्हटलं, "तेवीसले काय आहे, माहीत आहे ना तुले?"

"शनिवार आहे. त्याले सुट्टी असते."

सौंसरला नांदायला गेली आणि विसरली. पोळ्याचा दुसरा दिवस. सौंसरचे लेकरं त्या दिवशी लाकडी बैल ओढतात. आमचे मोठे मोठे माणसं नदीवर जाऊन सावरगाववाल्यांना गोटे मारतात, सावरगाववाले आम्हाला. नदीत पळसाचं झाड गाडलेलं, त्यावर झेंडा. आम्ही तो आणायचा, त्यांनी आणू द्यायचा नाही. डोकी फुटली की सगळे मिळून चंडीमातेला नारळ.

कमल म्हणे, "मी त्यांना सांगितलं, आपण संत्र्यावाले."

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात लिहिते. रविवारी संध्याकाळी तिचा बाप, माझा लेक दिलीप, एका डोळ्याने वाचून दाखवतो. मी बोलली तेच लिहिलं की पोरीने आपलं घुसवलं, ते तपासा लागते. मी 'मले' म्हणते, ही 'मला' लिहिते. तेवढं माफ.

ता. १२, मंगळ.

संत्री आमच्याकडे पिकतात, सौंसरला पिकतात, मोहगावला पिकतात. पेटी भरली, गाडी निघाली, की ती नागपूरची होतात. गोटे मात्र आमच्याच नावावर राहिले. ते कोणी नेत नाही.

लासलगाव कांद्याचं, असं मेघा सांगते. मी म्हटलं, बरं जमलं. तुझ्या सासरचे साऱ्या मुलखाला रडवतात, आपण फक्त सावरगावला. हसली नाही. हल्ली हसत नाही.

दिलीपला तारीख सांगितली. भाकरीचा घास हातातच राहिला.

"त्या दिवशी मी गाव सोडत नाही, माय."

खरं आहे. डोळा गेला तेव्हा एकोणीसचा होता. नंतर गोटा उचलला नाही, पण दरवर्षी चंडीच्या देवळापाशी पाण्याचा हंडा घेऊन बसतो. येईल त्याचं डोकं धुतो. आपला असो, सावरगावचा असो.

सून म्हणाली, "पोरीले पाहायले येऊन राहिले, अन् बाप नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील?"

"तारीख बदला."

पाहुण्यांची तिकिटं निघाली आहेत. तारीख बदलत नाही. मेघा आत जाऊन उगाच तांदूळ निवडायला बसली. तांदूळ कालच निवडला होता.

ता. १४, गुरु.

कमल सौंसरच्या बसने आली. मोसंबीसारखी गोल झाली आहे, पण जीव भावाच्या पोरीत आहे हे खरं. मला मागच्या अंगणात नेलं. मेघा तिथेच कपडे वाळत घालत होती, तिच्यापासून काय लपवायचं.

"माय, त्याइनं दादाच्या डोळ्याचं विचारलं. फोटोत दिसला."

"मग?"

"मी म्हटलं, बैलाचं शिंग लागलं. लहानपणी."

"कोण्या बैलाचं?"

"कोण्या म्हणजे? बैलाचं."

त्या वेळी आमच्याकडे चांद्या होता. लहान लेकरू पायात आलं तर पाय उचलून उभं राहणारं जनावर. मेल्यावर त्याच्यावर हा आळ.

कमल म्हणे, "गोटमारचं सांगितलं तर काय म्हणतील? असल्या गावची पोरगी, असल्या बापाची. तिकडच्या लोकांले काय समजते. मेघाचं मन बसलं आहे तिथं, माय. तू फक्त गप राह्य."

मी आयुष्यात फार थोड्या वेळा गप राहिली. त्यातल्या एका वेळेचं...

(इथे आजी थांबली. पुढे सांगितलं नाही. मेघा.)

ता. १८, सोम.

काल रविवार होता, हे मी विसरली. विसरली असं लिही.

दिलीपने वही घेतली. कांद्यापाशी हसला. "मोसंबीसारखी गोल" मोठ्याने वाचलं. मग बैलाच्या ओळीवर आला आणि थांबला. परत वाचली, हळू, जसा शाळेत वाचायचा. वही मिटवून माझ्या मांडीवर ठेवली.

"चांद्यानं?" एवढंच म्हणाला.

मेघा दारात उभी होती. तिच्याकडे वळून, "तुले माहीत होतं?"

ती म्हणाली, "मी लिहिलं ना, बाबा."

जेवला नाही. सकाळी वावरात गेला तो अजून यायचा आहे. सून माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे, मी तरी माझ्याशी कशाला बोलली असती.

ता. १९, मंगळ.

परवा मुलाने मेघाला विचारलं, तुमचं गाव कशासाठी प्रसिद्ध आहे. हिने लिहिलं, संत्री. त्याने कांद्याचा फोटो पाठवला. गोड आहे पोरगा. मग थोड्या वेळाने त्याने विचारलं, पांढुर्णा म्हणजे तेच का, नदीवाले. कुठे तरी व्हिडिओ पाहिला म्हणे.

तेव्हापासून मेघाने फोन पालथा ठेवला आहे. दोन दिवस झाले तरी उत्तर दिलं नाही तर तो काय समजेल, असं मी विचारलं.

"काय उत्तर देऊ, आजी?"

मी म्हटलं, आधी फोन सरळ तर कर.

ता. २१, गुरु.

उद्या पोळा. आज खांदशेकणी. दिलीपने जोडी धुतली, हळद आणि तूप घेऊन बैलांचे खांदे चोळले. मी ओट्यावर बसली होती. दरवर्षी म्हणतो तसं म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या."

मी म्हटलं, "बैलहो, शनिवारी तुमच्या जातीवर एक आळ येणार आहे. आवतनासोबत माफीही आजच मागून टाकते."

दिलीपचा हात थांबला. मला वाटलं आता रागावतो. त्याने पुन्हा तूप घेतलं, दुसरा खांदा चोळला.

"मी येतो सौंसरले," म्हणाला. "पण मले कोणी विचारलं, तर मी बैलाचं नाव नाही घेणार."

मेघा खिडकीत होती. तिने ऐकलं. खिडकीतून बाजूला झाली, परत आली. "बाबा, मग ते नाही म्हणतील."

"म्हणतील."

ता. २२, शुक्र. पोळा

पुरणपोळी झाली, जोडी मिरवून आली. नामदेवला फोन लावून दिला मेघाने. त्याला सांगितलं, उद्या आम्ही सगळे सौंसरला. दिलीप यंदा देवळापाशी नाही.

 

"मग हंडा कोण भरीन?" म्हणाला.

ता. २३, शनि. सौंसर

सकाळी सहाच्या बसने निघालो. पांढुर्ण्यात ढोल लागले होते, झाड नदीत गाडून झालं होतं. दिलीप खिडकीपाशी नव्हता बसला, मधे बसला.

पाहुणे अकराला आले. मुलगा, आई, बाप. कमलने चारदा सांगितलं, बाग आपलीच, संत्री आपलीच. मुलाच्या आईने विचारलं, खायला मिळतील का. ऑगस्टात कुठली संत्री. झाडावर हिरवी, लिंबाएवढी, आंबट. संत्र्यांच्या गावी येऊन लोकांनी बाटलीतलं संत्र्याचं सरबत प्यालं, मागे बाग दिसत असताना.

मुलाची आई बोलकी आहे. डोळ्यात डोळे घालून बोलते. पोहे खाता खाता दिलीपला म्हणाली, "डोळ्याला बैलाचं लागलं म्हणे तुमच्या?"

कमल म्हणाली, "हो ना, लहानपणी—"

दिलीप म्हणाला, "नाही. गोटा लागला."

मग तोच पुढे बोलला.

"आमच्या गावात आज गोटमार असते. आता, या टायमाले, चालू असन. मीही मारायचो, ताई. मजा वाटायची. एकोणीसचा होतो. बैलाची काही चूक नाही."

कमलने पदर तोंडाला लावला. मेघा ट्रे घेऊन उभी होती, तशीच उभी. मुलगा तिच्याकडे पाहत होता, तिच्या बापाकडे नाही.

बाईने बशी खाली ठेवली. मला वाटलं आता उठतील. तर तिने विचारलं, "कोणी मारला?"

पांढुर्ण्यात, सावरगावात, इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नाही. आमच्याकडे विचारत नाहीत. दवाखान्यातही नाही.

दिलीप म्हणाला, "गोट्यावर नाव नसते."

"हो, पण मारणाऱ्याला तर माहीत असेल ना."

मला ठसका लागला. सुनेने पाणी दिलं. पोह्यात मिरची होती, मी म्हटलं. नव्हती.

नंतर मुलगा आणि मेघा बागेत चक्कर मारून आले. काय बोलले ते ती सांगत नाही. त्याने एक हिरवं संत्रं खिशात घातलं, तेवढं मी पाहिलं. जाताना बाईने माझा हात धरला. "आजी, तुम्ही काहीच बोलल्या नाहीत." उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो म्हणाल्या. आवाजावरून काही समजलं नाही. कमल तिच्या भावाशी बोलत नाही, स्वयंपाकघरात डबे आपटून राहिली.

ता. २४, रवि. पांढुर्णा

सकाळच्या बसने परत. रस्त्यावरचे गोटे झाडून कडेला ढीग लावले आहेत. शेजारची म्हातारी ओट्यावरच भेटली. म्हणाली, काल तुमच्या दिलीपच्या जागी सावरगावचा नामदेव बसला होता. उजाडायच्या आत पूल ओलांडून आला, हंडा भरला, संध्याकाळपर्यंत डोकी धुतली. तिकडचे त्याच्या तोंडावर म्हणून गेले, का बा, पार्टी बदलली का. हा डोकी धुतच राहिला म्हणे.

दिलीप जोडे काढत होता. एक काढला, एक पायातच.

"मामा काहून बसला?"

म्हातारीला काय माहीत.

मग माझ्याकडे पाहिलं. "माय, काहून बसला असन?"

मी म्हटलं, बैलांना पाणी पाज. तो गेला वावरात. जेवायच्या वेळेलाही आला नाही.

आता दुपार आहे. मेघाचा फोन तिच्या मांडीवर, सरळ ठेवलेला. वाजला नाही. मी म्हटलं, वही घे.

ज्याला अक्षर येतं तो गुपित लिहून ठेवू शकतो. मला ते सांगावंच लागते कोणाला तरी. म्हणून इतकी वर्षं राहिलं. लिही.

डोळा गेल्यावर आठ दिवसांनी नामदेव आला होता. दारातच उभा. पस्तिशीचा गडी, गुडघे तेव्हा चांगले होते. आत ये म्हटलं तर येईना. म्हणाला, "बाई, दिलीपच्या अंगात त्या दिवशी निळा सदरा होता का?"

निळा सदरा मीच शिवून घेतला होता, पोळ्यासाठी. त्या वेळी मागच्या बादलीत भिजत होता. रक्त निघत नव्हतं.

मी म्हटलं, "नाही. पांढरा."

तो खाली बसला. पाणी मागितलं. पाणी पिऊन गेला. त्या सालापासून त्याने गोटा उचलला नाही. पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मला वाटलं होतं त्याला पटलं. आज समजलं, नव्हतं पटलं.

कमल एक खोटं बोलली, ते बैलावर गेलं. माझं कोणावर गेलं ते मला ठरवता येत नाही. मला लेक एकच होता आणि भाऊ एकच होता. दोघांतल्या एकाचा डोळा गेला होता, दुसऱ्याला तरी वाचवू म्हटलं.

हे लग्न झालं तर मुलाची आई आमच्या मांडवात बसेल. नामदेवही बसेल. ती विचारणारी आहे.

मेघा लिहायची थांबली. हात पुसला. म्हणते, "आजी, आज रविवार आहे."

माहीत आहे मला.

"बाबा वाचतील."

वाचतील. मोठ्याने वाचतील. माझ्या तोंडून निघत नाही, त्याच्या तोंडून निघेल.

बैलांच्या घुंगरांचा आवाज येऊन राहिला. कोपऱ्यावर असेल. हातपाय धुईल, चहा घेईल, वही मागेल. मेघाचा फोन वाजून राहिला, ती उचलत नाही, पेन धरून बसली आहे. विचारते, "पान ठेवू की फाडू?"

मी म्हटलं, आधी फोन घे.

ती म्हणते, आधी सांग.