एका कोयत्याचा पगार

१ मे
कामगार दिन. दुकान चालू. सकाळी मालकाला, हनुमानशेठला, शुभेच्छा दिल्या. शेठ म्हणाले, कसल्या?

मिराबाईनं बातमी आणली. ही आमच्या बर्गरच्या दुकानात भांडी घासते, तोंड लई चालतं तिचं. म्हणे हॉटेलात काम करणाऱ्याचा किमान पगार सरकारनं वाढवला. आता शेठशी बोलणार कोण? सगळे माझ्याकडं पाहून राहिले. सगळे म्हणजे मिराबाई अन् माझी बायको निता. बराबरच आहे. माझा बाप मोहनसिंग मुकादम होता. तांड्यावरून ऊसतोडीच्या टोळ्या न्यायचा, कारखान्याच्या साहेबाशी उभ्याउभ्या भाव ठरवायचा. ते रक्त माझ्या अंगात आहे.

संकल्प: पगार वाढवून घेणे. हिंगोलीत खोली करणे. शाळा उघडायच्या आत आकांक्षाला तांड्यावरून आणणे. पोरगी दुसरीत जाईल, माझ्या आईपाशी राहते. आमी दोघं दुकानाच्या माळ्यावर बटाट्याच्या पोत्यांत झोपतो. खाली फ्रायर, वर पत्रा. तिथं लेकरू कसं ठेवावं?

४ मे
बोलणार होतो. शेठ एसीवाल्याला शिव्या देऊन राहिले होते. खरा पुढारी वेळ बघून बोलतो. उद्या.

५ मे
लग्नाची तिथी, गर्दी. उद्या.

७ मे
जिंकलो!

शेठनं खुर्ची दिली, चहा सांगितला. मिराबाईला या दुकानात कधी चहा भेटला का? मी सरळ मुद्द्याला हात घातला. शेठ हबकले. म्हणाले, नियम माणशी आहे, मग तुमा दोघांचं कसं करायचं? मी त्यांना धीर दिला. म्हटलं, शेठ, आपलं आधीपासूनच ठरलेलं आहे. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. कामाला लागलो तवाच मी सांगितलं होतं की आमी एक कोयता. शेठला ते लई आवडलं. ताबडतोब म्हणाले, मग एका कोयत्याला पुरा किमान पगार देतो. हातावर हात मारला. एका बैठकीत! बाप असता तर पाठ थोपटली असती.

निताला सांगितलं. तिनं विचारलं, तो किमान पगार किती माणसांचा? म्हटलं, एकाचा. म्हणाली, अन् आपण किती? म्हटलं, एक. ती पिझ्झ्याचं पीठ मळायला निघून गेली. आनंद दाखवायची तिला सवय न्हाई.

१२ मे
निता माझ्याकडं पाठ करून झोपते. ऊन लई आहे.

मिराबाई म्हणते, कायद्यात डोकी असतेत, कोयते नसतेत. तिला समजावून सांगितलं की ही आपली पिढ्यान्‌पिढ्याची रीत आहे. तर म्हणते, ऊस मी माझ्या नवऱ्याएवढाच तोडत होते, वरून भाकरी मी थापत होते, मग अर्धी कोणची होते मी, वरची का खालची? अडाणी बाई. वाद घातला न्हाई.

पण विचार केला. खोलीचं भाडं या पगारात बसत न्हाई हे खरं. शेठला पुन्हा भेटतो. या वेळी कडक.

२० मे
लई कडक भेटलो. बाहेर आलो तो मॅनेजर होऊन!

टाय भेटला. दुकानाची चावी भेटली. आता सर्वांत आधी येणार मी, सर्वांत शेवटी जाणार मी. मॅनेजरशिवाय शटर हलणार न्हाई. पगाराचं विचारलं तर शेठ म्हणाले, मॅनेजरला पगार नसतो, पॅकेज असतं. पॅकेज पगाराएवढंच आहे, पण रोज एक बर्गर त्यात धरलेला आहे. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मॅनेजर किमान वेतनाच्या कायद्यात येत न्हाई. शेठ म्हणाले, तू आता त्याच्या वर गेलास. कायद्याच्या वर! आमच्या तांड्यात आजपर्यंत इतक्या वर कोणी गेलं न्हाई.

मिराबाई म्हणाली, नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आता मी मॅनेजर असल्यामुळं तिकडं दुर्लक्ष केलं.

२५ मे
आईला फोन. भिकाबाईचा पोरगा मॅनेजर झाला हे पुऱ्या तांड्याला सांग म्हटलं. तिनं विचारलं, खोली झाली का? म्हटलं, प्रोसेसमधी आहे. मग आकांक्षा आली फोनवर. तिनं विचारलं, बाबा, मॅनेजरला रविवारी सुट्टी असते का, म्हणजे तुमी येसाल. मी म्हटलं, बाळा, मॅनेजरचे सगळेच वार सारखे असतात. तिकडून फोन कट झाला. रेंज नसंल.

२ जून
निता अन् मिराबाईनं कामगार ऑफिसात जायला सुट्टी मागितली. मॅनेजर या नात्यानं नाकारली. गेल्या.

दुकान एकट्यानं सांभाळलं. फ्राईज जळल्या, हात भाजला, एका गिऱ्हाइकाला पिझ्झ्याच्या जागी नुसता चीज लावलेला पाव गेला. त्यानं खाल्ला. निता आली तर तिला रागावणार होतो. तिनं आधी माझ्या हाताला बर्नॉल लावलं. मग रागवायचं राहून गेलं.

१० जून
कामगार ऑफिसचे साहेब तपासणीला आले. शेठचा बीपी त्याच टायमाला वाढला, ते घरी गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, प्रेमदास, तू घरचा माणूस. म्हणजे आता जबाबदारी माझ्यावर. टाय नीट केला.

साहेबांनी विचारलं, इथं पगार कोण ठरवतं? म्हटलं, मी. मॅनेजरनं आणखी काय सांगावं? मग विचारलं, नवरा-बायको दोघं राबतात अन् पगार एकच, हे कसं काय? तवा मी त्यांना कोयत्याची पद्धत पहिल्यापासून समजावून सांगितली. बापाचं नाव घेऊन, कारखान्याच्या नावासकट. साहेब लिहायचे थांबले. पाणी मागितलं. पाणी पिऊन मग भराभर लिहून घेतलं. इतकं लक्ष देऊन माझं कोणी ऐकलं नव्हतं. चांगली छाप पडली.

संध्याकाळी शेठला सगळं सांगितलं. शेठचे कान लाल झाले. बीपीच असंल.

१८ जून
आदेश आला. प्रत्येक कामगाराला पुरा पगार, ज्याच्या त्याच्या खात्यात. निताला वेगळा, मिराबाईला वेगळा. मिराबाईनं शेठच्या तोंडावर पेढा मागितला.

मीही गेलो. म्हटलं, शेठ, माझा? शेठ म्हणाले, आधीचा पगार होता तो निताला गेला. तू मॅनेजर, तुझं नाव त्या आदेशात न्हाई. पण तुला उपाशी थोडाच ठेवीन? तुझ्याच हिशोबानं देतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता.

बोटावर मोजून पाहिलं. हिशोब चुकीचा नव्हता.

२२ जून
निताच्या पगारावर खोली झाली. रेल्वे स्टेशनच्या बाजूला, एक खिडकी आहे. आकांक्षा आली, शाळेत नाव घातलं. म्हणजे १ मेचा संकल्प जवळपास पुरा. नेतृत्व माझंच होतं, हे विसरता येत न्हाई.

मी निघतो तवा पोरगी झोपलेली असते, येतो तवाही झोपलेली. झोपेत ती लई गोड दिसते. जागेपणी कशी दिसते ते निता सांगते.

५ जुलै
ठरवलं. मॅनेजरकी सोडायची, हेल्पर व्हायचं. मान कमी, पगार दुप्पट. शेठला सांगितलं. शेठ म्हणाले, हेल्पर आता परवडत न्हाई रे बाबा, महाग झाला. मॅनेजरच बरा.

निता म्हणते, मग जा ना ऑफिसात, काहून घाबरता? हिला काय माहीत. जाऊ कधी? शटर कोण उघडंल? अन् गेलो तरी साहेब विचारतील, तुझा पगार कोणी ठरवला? त्यांच्याच पुढं मी छाती काढून सांगितलं आहे की पगार मी ठरवतो. तक्रार कोणाची करू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे हा, अन् बुक्क्याही माझ्याच. पहिल्यांदाच असं लिहिलं. उद्या खोडून टाकीन.

६ जुलै
टाईम भेटला न्हाई खोडायला.

१६ ऑगस्ट
आज तांड्यावर तीज. पोरी गव्हाच्या रोपांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन नाचतात, मग पाण्यात सोडतात. आकांक्षाची टोपली घ्यायची पहिलीच वेळ. निता अन् मिराबाईला हक्काची सुट्टी, तिघी सकाळच्या जीपनं सेनगावकडं तांड्यावर गेल्या. निघताना पोरीनं विचारलं, बाबा काहून न्हाई येत? निता म्हणाली, ते मॅनेजर आहेत. पोरगी म्हणाली, मग सुट्टी तेच देतेत ना? जीपवाल्यानं हॉर्न वाजवला म्हणून बरं झालं.

दुकानात मी एकटा. हेल्परची टोपी घालून फ्रायरवर उभा राहिलो. दुपारी एका बाईनं थंड फ्राईज परत केल्या अन् मला सुनावलं, मॅनेजरला बोलाव. आत गेलो. टोपी काढली, टाय बांधला, बाहेर आलो. बाईनं ओळखलं न्हाई. टोपीखालचं तोंड कोण पाहतं? सगळी तक्रार ऐकून घेतली. म्हटलं, मॅडम, माणूस बेफिकीरच आहे, त्याच्या पगारातून कापून घेतो.

बाई एकदम नरमल्या. म्हणाल्या, नका कापू हो, असा कितीक देत असाल तुमी त्याला? घामानं भिजून गेला होता बिचारा. पर्समधून पन्नासची नोट काढली, माझ्या हातावर ठेवली अन् बजावलं, ही त्यालाच द्या, तुमी ठेवून घेऊ नका. लेकराबाळाची शपथ घातली.

आत गेलो. टाय काढला, टोपी घातली अन् नोट घेतली.