सहा कपबशा आणि एक सही

मी, नीलम देवमन इंगळे, वय ५६, शिक्षिका, तालुका दर्यापूर, जिल्हा अमरावती. शुक्रवारी माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. डोकं शाबूत असताना, कुणाच्या दबावाशिवाय, हे स्वहस्ते लिहिते.

१. राहतं घर आणि तीन एकर वावर धाकटा मुलगा प्रीतम याला. अट कोणतीही नाही.

२. पोस्टातली बचत त्याच्या शिक्षणाला. त्याचे वडील हयात नाहीत, म्हणून माझ्यामागे त्याची पालक माझी बहीण माणिकबाई.

३. अकोल्याच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरने सुंदर अक्षरासाठी दिलेलं निळं पेन माणिकबाईच्या नातीला. याच पेनाने मी आमच्या वस्तीतल्या चौदा पोरांचे सैन्यभरतीचे फॉर्म भरले. पहिला माझ्या थोरल्या मुलाचा, श्रावणचा. भरतीच्या साहेबांनी अक्षराचं कौतुक केलं, हे मी गावभर सांगत फिरले. श्रावण २००० साली काश्मीरच्या सीमेवर मारला गेला. सरपंचांच्या आळीतला एकही फॉर्म माझ्याकडे कधी आला नाही. तिकडची पोरं पुण्याला इंजिनिअरिंगला जातात.

४. गुलाबाच्या नक्षीच्या सहा कपबशा सरपंच चंद्रभानजी यांना. दर सव्वीस जानेवारीला ते श्रावणच्या तसबिरीला हार घालतात, माझ्यासोबत फोटो काढतात, आणि चहा पुढे केला की म्हणतात, "राहू द्या बाई, उपास हाये आज." सहा वर्षं उपास.

५. श्रावणचं शेवटचं पत्र प्रीतमला. ते मी ट्रंकेत लपवलं, ही माझी चूक. त्यात आहे: "आई, काल एका घराची झडती घेतली. तुह्याच वयाची बाई. तिनं चहा देल्ला. सोबतचा एक म्हणाला, इन लोगों के हाथ का नहीं पीना. मी कप खाली ठेवला. मले आपला चंद्रभान आठवला."

६. प्रीतम सतरा वर्षांचा आहे. सोमवारी अकोल्याला भरती आहे, पालकाची सही लागते. काल तो म्हणाला, "वावरात काय पिकून राह्यलं, आई? अन् इथं मले नोकरी कोन देऊन राह्यलं?"

मी म्हटलं, "पाय तर साऱ्याइलेच हायेत. मंग भरतीत धावते आपलीच वस्ती काहून?"

"तिथं सॅल्यूट तरी भेटते."

 

७. त्याचा फॉर्म मी भरून ठेवला आहे. सहीची जागा कोरी आहे. माणिकबाईनेही ती भरू नये, ही विनंती. मार्चमध्ये तो अठराचा होईल, मग त्याची सही त्याने करावी.

प्रीतम, आधी पत्र वाच. तरी गेलास, तर त्या बाईने दिलेला चहा पिऊन ये.

दोन्ही साक्षीदारांनी माझ्यासमोर चहा घेतला आणि सह्या केल्या.

सही: नीलम दे. इंगळे
साक्षीदार: इनायतुल्ला खान, शेजारी, नत्थुजी वानखडे, सहशिक्षक
दर्यापूर, ११ ऑक्टोबर २००६