बारा माणसांची लाँच

बुधवार, १३ नोव्हेंबर १९९६, तापोळा

घेतली! अखेर घेतली. वाईच्या दुकानातल्या खोकल्याच्या बाटल्यांना आठवडाभर रामराम. या वहीत आता फक्त लाँचबद्दल लिहायचं.

चार वर्षं आम्ही तिघांनी फायबरच्या त्या पिटुकल्या मोटरबोटीत कोयनेच्या पाण्यावर सुट्ट्या काढल्या. गोदावरीचे गुडघे माझ्या पाठीत आणि ऋचाचे पाय पोह्यांच्या डब्यात. गेल्या मे महिन्यात गोदावरीने निक्षून सांगितलं की पाय पसरून बसता येणार नसेल तर ती पुन्हा येणार नाही. मला निमित्तच हवं होतं.

नवी म्हणायची, पण लाँच वीस वर्षांची आहे. अठ्ठावीस फूट, अस्सल सागवानी. काठावरच्या गावांची माणसं ने-आण करायची. मालक आप्पासो भला माणूस. त्यांनी मला फळीन् फळी ठोकून बघू दिली. तळाला ओल नाही, डिझेल इंजिन दुसऱ्या हँडलला सुरू. आतल्या खोलीत दोन लांब बाकं, त्यांवर गाद्या, स्टोव्हपुरता कोपरा. पुढे उघड्यावर चाक आणि त्यामागे माझी खुर्ची!

बाहेरून सगळीकडे एक पांढरी रेघ ओढली आहे. आप्पासोंनी समजावलं की बारा माणसं बसली तरी ती रेघ पाण्याच्या वर राहते. बुडाली की समजायचं, भार जास्त झाला. आम्ही तर तिघंच. रेघ चांगली वीतभर वर आहे. मी इतका खुशीत होतो की जुनी बोट त्यांनाच देऊन टाकली, तरंगायच्या जॅकेटांसकट. गोदावरी म्हणाली, नवरदेवासारखे मिरवू नका, आधी पूजा करा. संध्याकाळी पूजा केली, पेढे वाटले.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

आज वाट दाखवायला नाथाजी आले. साठीचे, जुने नावाडी. त्यांचं कारवंडी गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं. गावासकट देऊळ गेलं, शेतं गेली, पिढ्यान् पिढ्यांची माणसं जिथे पुरली-जाळली ती जागाही गेली. हे सगळं ते तंबाखू मळता मळता सांगत होते.

दुपारी त्यांनी मधेच इंजिन बंद करायला लावलं. देऊळ बरोबर आपल्याखाली आहे म्हणाले. नवी लाँच पहिल्यांदा निघाली की इथे नारळ सोडायचा आणि मुकाट पुढे जायचं, अशी रीत.

आता मुकाट राहणं माझ्या रक्तात आहे का? वाईत कुणाकडे लग्नमुंज निघाली की आमंत्रणाला मला धरून नेतात. पहिली अक्षत देवाला, हे मला झोपेतही येतं. नारळ सोडलाच, शिवाय पूजेतल्या उरलेल्या अक्षता पाण्यावर टाकल्या, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सांगितलं की आमच्या लाँचवर सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह अगत्य येण्याचं करावं. ऋचाने टाळ्या वाजवल्या.

नाथाजींचा चेहरा उतरला. म्हणाले, "आवं मालक, देवाला नारळ द्याचा आन् जायाचं. परिवार कशापायी बोलावलासा? समदं गाव खाली हाय." मी हसलो, तर ते आणखी हळू बोलले, "बोलावल्याबिगर येत न्हाईत ती. बोलावल्यावर आल्याबिगर ऱ्हात न्हाईत." पुढच्या काठाला उतरून ते चालत गेले. चहासुद्धा घेतला नाही. मला जरा वाईट वाटलं.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सकाळी दाट धुकं. पोहे झकास. पांढरी रेघ मात्र पाण्यापासून चारच बोटं वर.

गळतीच असणार म्हणून फळ्या उचलून तळात हात घातला. कोरडा ठणठणीत. हातपंप मारला, नुसती हवा. इंजिन दिवसभर कण्हत होतं. काल तासात कापलेलं अंतर आज तीन तासांत.

ऋचाचं नवीनच काहीतरी. बाकावर बसेना. म्हणे जागा नाही. गोदावरीने हात फिरवून रिकामं बाक दाखवलं तर ही म्हणाली की त्या आजी सरकल्या आता, आणि मग बसली. दहा वर्षांची पोर, सुट्टीत डोकं चालणारच. गोदावरी हसली नाही. दुपारी चहा टाकताना तिने पातेलं मोठं घेतलं.

शनिवार, १६ नोव्हेंबर, सकाळी

रेघ पाण्याखाली.

मला भीती वाटते, हे सरळ लिहितो. लाँच तापोळ्याकडे वळवली. दोघींना काठावर उतरवायचं, मग लाँच गेली खड्ड्यात.

शनिवार, दुपारी

काठ समोर दिसतोय, दोनशे हातांवर, आणि आम्ही गाळात रुतलो आहोत. परवा इथूनच अलगद गेलो होतो. लाँच इतकी खोल बसली आहे की तळ टेकला. दोघींना पोहता येत नाही. जॅकेटं मी हौसेने देऊन टाकली. कपाळ माझं!

मी एकटा उतरून मदत आणावी म्हणून पाण्यात उतरलो. गाळ कमरेपर्यंत ओढतो. पोहतच जावं लागणार होतं. वळून बघितलं. एक माणूस उतरला की लाँच थोडी तरी वर यायला हवी ना? ती आणखी खाली गेली. आतून ऋचा ओरडली की बाबांच्या खुर्चीवर कुणीतरी बसलंय.

परत चढलो. खुर्ची रिकामी होती. ओली होती.

शनिवार, चार वाजता

एक लाँच लांबून गेली. मी शर्ट काढून हलवला, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. त्यांनी वेग कमी केला, आमच्याकडे बघितलं. मग त्यांचा नावाडी ओरडला, "लय मानसं हाईत रं गड्या! आमच्यात न्हाई मावायची!" आणि गेले.

गोदावरीने तोंडात पदर कोंबला. आम्ही तिघंच होतो. तिघंच आहोत.

रविवार, १७ नोव्हेंबर, सकाळी

पाणी लाँचच्या वरच्या फळीपासून दोन बोटं. कुणी जोरात हललं तरी आत येतं. ऋचा बाकाच्या कडेवर अंग चोरून बसली आहे. विचारते, बाबा, आपण घरी कधी जायचं? सारखी विचारते. मी काय सांगू तिला—

गोदावरीने सांगितलं, अगदी शांतपणे. पाहुणे आपल्या मनाने कसे उठतील, यजमानाने पोचवायला जायला नको का? आपण वाईत कोपऱ्यापर्यंत जातो की. यांना घरी पोचवा.

बाई माझी. मला का नाही सुचलं हे?

रविवार, दहा वाजता

तोंड कारवंडीकडे वळवलं आणि लाँच गाळातून सुटली. आपोआप. इंजिन इतकं हलकं चाललंय—

बरोबर आहे आमचं. त्यांना घरीच जायचंय.

मी चाक धरून बसलो आहे, एका हाताने लिहितो आहे. लिहिलं नाही तर मागे वळून बघेन. मागे खोकतात. बांगड्या वाजतात. बायका लुगडी सावरतात तसा आवाज—

ऋचा झोपली. दोन दिवसांनी झोपली. गोदावरी खोलीत तिच्या उशाशी, डाव्या बाकावर. उजव्यावर जागाच नाही म्हणाली.

रविवार, साडेअकरा

पोचलो. इंजिन बंद केलं. पाणी अगदी शांत.

उभा राहिलो. हात जोडले. म्हणालो, आपण आलात, कार्य पार पडलं, उणंदुणं पोटात घाला. आपलं घर आलं.

काही नाही. वारासुद्धा नाही.

मग बाक करकरलं. उठताहेत. ऐकलं आपलं! देवा, ऐकलं. आता ऋचाला घेऊन सरळ घर—

खोलीच्या दारातून गारवा येतोय, एकामागून एक. एकामागून एक नाही. सगळे एकदम. दोन-तीन दिवस अवघडून बसलेली माणसं, घर दिसल्यावर थांबतील कशी— देऊळ थोडं डावीकडे राहिलंय. सगळे डावीकडे जाताहेत.

लाँच कलते आहे.

एकेक उतरा म्हणायला हवं होतं. सांगतो आहे, हात जोडून सांगतो आहे, एकेक करून, घाई नाही, एका अंगाला नको— कुणी ऐकत नाही. डावी फळी पाण्यात. खोलीचं दार डाव्या बाजूला, पाणी तिथूनच आत—

गोदा, उजवीकडे ये. ऋचाला उठव. गोदा, ती डाव्या बाका—