स्वतःला राहायला

५ मार्च, मंगळवार

अकरा हजार! शोधपेटीत फक्त 'स्वतःला राहायला घर' एवढंच टाकलं, तर कर कार्यालयाचे अकरा हजारांवर अभिप्राय अंगावर आले. मग शहाणपणा करून पुढे 'तळं' जोडलं. आता निघाली माशांची तळी, बदकांचं खाद्य, आणि एक गृहस्थ — त्यांना लग्नात भाड्याने द्यायच्या राजहंसांवर किती कर लागतो ते हवं होतं. राजहंसांचं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. उपयोग शून्य. दारावर पितळेच्या पाटीवर 'कर सल्लागार' कोरलंय माझ्या!

काम तसं साधं. अशील हिएरोनिम, ट्राम चालवून निवृत्त झालेले. फ्लॅट घेऊन पाच वर्षं व्हायच्या आत विकला आणि त्या पैशात तळ्याकाठी घर घेतलं. इतक्या लवकर विकलं की नफ्यावर कर. मात्र तो पैसा स्वतःला राहायच्या घरात घातला तर माफ. आता कर कार्यालय म्हणतं, तळ्याकाठचं घर राहायचं नाही, सुट्टीचं आहे. हिएरोनिम फोनवर ओरडतात, "मॅडम, मी तिथे राहतो म्हणजे राहतो! माझ्या कोंबड्या आहेत तिथे! कोंबड्या घेऊन कुणी सुट्टीवर जातं का?"

मुद्दा बिनतोड. पण कार्यालयापुढे कोंबड्या चालत नाहीत, आधीचा अभिप्राय लागतो. चाळीस झ्लॉटी भरून कुणीही विचारतो, माझ्या बाबतीत कर लागेल का? उत्तर येतं आणि नावगाव पुसून सगळ्यांसाठी ऑनलाइन लावलं जातं. लोक पाद्र्याला सांगत नाहीत ते तिथे लिहितात. घटस्फोट, भाऊबंदकी, सवती — आणि खाली प्रश्न, 'यावर कर किती?'

६ मार्च

'तळं' काढून 'कोंबड्या' टाकून बघितलं. करू नये ते केलं.

८ मार्च, शुक्रवार

बाबा ट्यूलिप घेऊन आले. महिलादिनाला दरवर्षी आणतात. आई होती तेव्हा दोन आणायचे. बरोबर काकड्यांच्या लोणच्याची बरणीही — शहराबाहेरच्या सार्वजनिक बागेत त्यांच्या भाजीच्या वाफ्याशेजारी ज्यांचा वाफा आहे त्या ओतिलियाबाईंची. फार चवीच्या करते बाई.

परत एकदा खोली दाखवली. गेल्या उन्हाळ्यात रंगवून घेतली, पिस्त्याच्या रंगात. बटण दाबलं की डोक्याची बाजू वर येणारा पलंग. न्हाणीघरात धरायला दांडी. बाबा दारातच उभे. "छान आहे," म्हणाले. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलेला माणूस भिंतीवरच्या चित्राला म्हणेल तसं.

"मग कधी येताय?"

"वसंत येऊ दे, रेनिया." रेनाताचं रेनिया फक्त तेच करतात.

त्याआधी होतं, नाताळ होऊ दे. त्याच्या आधी, वाफ्यातले बटाटे निघू दे. ऋतू संपतील पण यांची सबब संपायची नाही! तीन वर्षांपूर्वी आई गेल्यावर मीच त्यांना मोठं घर विकायला लावलं आणि माझ्यापासून दोन थांब्यांवर फ्लॅट घ्यायला लावला. आता दोन थांबेसुद्धा जास्त वाटतात. सगळ्यांना सांगते, त्यांची काळजी वाटते म्हणून. खरं म्हणजे घटस्फोटानंतर संध्याकाळी घरात शिरताना दिवा मलाच लावावा लागतो, ते मला आवडत नाही. घ्या, लिहून टाकलं.

निघताना नेहमीचा प्रश्न — "काय गं, या आठवड्यात काय सापडलं तुझ्या त्या पेटीत?" राजहंस सांगितले. हसले.

"आणि आणखी?"

"आणखी काही नाही."

"बरं," म्हणाले, आणि टोपी शोधायला लागले. टोपी डोक्यावरच होती.

१२ मार्च, मंगळवार

मी आठ दिवस उकिरडा फुंकत होते. योविताने तीन शब्द टाकले आणि मिळालं! योविता म्हणजे माझी भागीदार, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आणि ते विसरू देत नाही. समोरच्या टेबलावरून मुद्दाम आदराने म्हणाली, "तळं सोडा रेनाताबाई, समुद्र बघा," आणि मोठ्याने वाचायला लागली:

'अर्जदार विधुर आहे. फ्लॅट विकून समुद्रकाठी, त्याच्याशी नात्याने न जोडलेल्या एका व्यक्तीसोबत, राहण्यासाठी घर घेण्याचा त्याचा विचार आहे. परंतु अर्जदाराच्या मुलीने स्वतःच्या घरी त्याच्यासाठी खोली तयार ठेवली आहे. मुलगी विचारत नाही, कळवते. तिला नाही म्हणण्याचं धैर्य अर्जदाराला नसल्याने तो हिवाळाभर तिच्याकडे राहील.'

'विचारत नाही, कळवते' — सरकारी कागदात! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी. "मुलगी आहे का फौजदार!" मी म्हटलं.

"बिचारा म्हातारा," योविता म्हणाली. "खरं लिहिलं आणि स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. बघ ना, कार्यालय म्हणतंय, हिवाळा मुलीकडे काढणार म्हणजे राहणं मुलीकडे. समुद्रावरचं घर हौसेचं. कर भरा."

म्हणजे हा अभिप्राय आमच्या विरुद्ध जाणार. हरकत नाही. आमचा माणूस त्या म्हाताऱ्यापेक्षा वेगळा कसा, एवढं दाखवलं की झालं. त्यासाठी सगळा नीट वाचावा लागेल.

१३ मार्च

उत्तराच्या मसुद्यात लिहिलं — 'सदर प्रकरणातील अर्जदारावर मुलीची सत्ता होती. माझ्या अशिलावर केवळ कोंबड्यांची आहे.' योविताने दुसरा अर्धा खोडला. पहिला ठेवला! तिला फार आवडला.

१५ मार्च, शुक्रवार

आज सगळा वाचला. तिसऱ्या पानावर:

'खोलीचा रंग पिस्त्याचा आहे. पलंग बटणाने वर होतो. अर्जदाराने ते एकदा दाबून पाहिलं, तेव्हा त्याला इस्पितळात असल्यासारखं वाटलं. मुलगी प्रेमळ आहे, तिने खर्च पुष्कळ केला आहे. मुलगी कर सल्लागार आहे, म्हणून अर्जदार हा प्रश्न तिला विचारू शकत नाही.'

परत वाचलं. उठून खिडकी उघडली, परत येऊन परत वाचलं. योविताने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "डोळ्यात काहीतरी गेलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. अकरा हजार घरं धुंडाळली मी! आणि ती फौजदार मीच!

१६ मार्च

दिवसभर चिडचिड. परक्या साहेबाला चाळीस झ्लॉटी देऊन विचारतात! मला फुकट विचारता आलं असतं. — फुकट? छे. मी तासभर ऐकवलं असतं. मग रडले असते. मग पुन्हा ऐकवलं असतं. चाळीस स्वस्तच पडले त्यांना.

'नात्याने न जोडलेली व्यक्ती'! ओतिलियाबाई. दुसरं कोण? माहेर उस्तकाचं, समुद्रावरचं. दोन वर्षं त्या व्यक्तीच्या काकड्या खातेय मी, आणि नाताळात निरोप धाडून कृतीसुद्धा मागवली होती. रागाने बरणी उघडली आणि उभ्याउभ्या संपवली.

बरणी धुऊन पालथी घातली. बाबांना माझ्याजवळ राहायचं नाहीये, आणि ते माझ्याआधी अख्ख्या देशाला वाचता आलंय.

१७ मार्च, रविवार

कोंबडीचं सूप आणि शेवया. बाबा बरोबर एकला आले, जाकीट घालून. मी सारखी बोलत होते — हवा, ट्रामचं भाडं, शेजारणीचं कुत्रं. ते एक-दोनदा बोलायला गेले, मी शेवया वाढल्या.

शेवटी म्हणालेच — "मग? काय सापडलं?"

"काही नाही."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "काहीच नाही? समुद्राबिमुद्राचं?"

"कंपन्यांचंच सगळं, बाबा. कंटाळवाणं."

दुसऱ्यांदा सूप घेतलं नाही त्यांनी. कधी नव्हे ते. मी खोटं का बोलले? कारण एकदा मी 'सापडलं' म्हटलं की मग त्यांना जावंच लागेल. न सापडलेली गोष्ट अजून घडलेली नसते, असं मला वाटतं बहुतेक. पन्नाशी उलटली माझी, आणि हे माझं तर्कशास्त्र!

२० मार्च, बुधवार

उपाय मला ठाऊक आहे. नवा अर्ज करायचा, पुन्हा चाळीस झ्लॉटी. बाकी सगळं तेच, हिवाळ्याचं वाक्य काढायचं आणि त्याजागी घालायचं — 'अर्जदार मुलीकडे राहणार नाही.' एका वाक्याने कर माफ, उस्तकाचं घर त्यांचं. शिकाऊ उमेदवारालाही सुचेल.

पण अर्जातलं खरं असावं लागतं. नुसतं लिहून भागत नाही, तसं वागावं लागतं. म्हणजे हे वाक्य मी लिहिलं, तर मलाच ते खरं करावं लागणार.

म्हणून आज लिहिलं, 'सहसा राहणार नाही'. मग 'मुख्यत्वे'. मग 'तूर्तास'. अशिलांच्या अर्जातून मी जे जे शब्द आयुष्यभर चिमट्याने उपटले, ते सगळे स्वतः पेरले. पुसून टाकलं.

२२ मार्च, शुक्रवार

योविताला सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. "अगं, तो मसुदा!" म्हणाली आणि मुलीच्या सत्तेचं वाक्य आधी काढून टाकलं. मग कॉफी घेऊन माझ्यासमोर बसली.

"हिवाळ्यात ते येतील गं," म्हणाली. "तू म्हणशील तर नक्की येतील. त्या पलंगावर बसतील आणि जूनची वाट बघतील. चालेल तुला?"

"नाही चालणार."

"मग लिही ना."

लिहिलं. 'अर्जदार मुलीकडे राहणार नाही.' नंतर स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं.

हिएरोनिमचं उत्तरही रवाना केलं. कोंबड्या तळटीपेत घातल्या. कार्यालयाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा)

सूप वाढायच्या आधीच नवा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. बाबांनी चष्मा चढवला, वाचलं, त्या वाक्यावर बोट ठेवलं. दचकले नाहीत. "सापडलं एकदाचं," म्हणाले. "जानेवारीपासून दर आठवड्याला विचारतोय तुला."

मला राग आवरेना. "पण बाबा, खोली, पलंग, मुलगी — हे सगळं त्यात कशाला घातलंत? तेवढ्याचमुळे नकार आला! कार्यालयाला काय करायचंय त्याचं?"

"तू सगळं वाचतेस म्हणून लिहिलं," बाबा म्हणाले. "त्या ओळी कार्यालयासाठी नव्हत्याच, रेनिया."